मालकांबरोबर बसणं

परीक्षा सोमवारी होती आणि मी मंगळवारी गेलो.

सातारला. खात्याची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय कारकुनाला कायम करत नसत. इस्त्रीचा सदरा, शाई भरलेली दोन पेनं आणि रुमालात बांधलेल्या दशम्या असा सगळा जामानिमा करून मी सकाळी केंद्राच्या फाटकात उभा राहिलो, तर आत एक शिपाई बाकं उचलून दुसऱ्या खोलीत नेत होता.

"परीक्षा कुठल्या खोलीत आहे?"

"काल झाली की."

"काल कशी होईल? काल मी अभ्यास करत होतो."

शिपायानं बाक खाली ठेवलं, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मग पुढल्या खेपंला अभ्यास परीक्षेच्या आधी करा, सायेब."

सांगलीला परत आलो. दिवस आणीबाणीचे. कचेरीत जागोजागी वक्तशीरपणाच्या पाट्या लागल्या होत्या आणि वेळेवर येण्याला देशसेवा म्हणायचे. त्या हिशेबानं मी देशद्रोहीच. हेडक्लार्कांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. "आता एकदाच बसता येईल. त्यात नापास झालास, तर उंब्रजला जाऊन उसाला पाणी पाज," एवढंच म्हणाले. उसाला पाणी पाजायला माझी ना नव्हती. पण पाणी सोडून मी बांधावर काहीतरी वाचत बसायचो आणि शेजाऱ्याचं शेत भिजायचं, म्हणून तर वडिलांनी मला नोकरीला लावलं होतं.

त्या संध्याकाळी हा पराक्रम ऐकून न हसलेला माणूस एकच. माझे घरमालक. ते सोप्यात उघड्या रेडिओंच्या मधे बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "काल अभ्यास लागला व्हता का पण?"

"लागला होता की. सकाळी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो."

"मग झाक झालं. लागलेला मोडून उठायचं म्हंजे पाप हाय, गड्या."

जगात आपल्यासारखा आणखी एक आहे हे मला तेव्हा कळलं. त्यानं बरं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलंही. पण जरा भीतीही वाटली, कारण मालक पन्नाशी ओलांडलेले होते आणि हे असं त्या वयातही जात नाही, हे समोर दिसत होतं.

मालक पलटणीत सिग्नलला होते. हवालदार होऊन सुटले, सांगलीत घर घेतलं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान घरातच मांडलं. हात सोन्यासारखा. पण त्यांनी एक रेडिओ उघडला की त्यातला एखादा भाग बघून त्यांना दुसऱ्या रेडिओची आठवण व्हायची. तो उघडायचा. तिसऱ्यात तसलाच भाग चांगला आहे का बघायला तिसरा उघडायचा. मग कुणीतरी चहाला हाक मारायचं. अशानं ते घर उघड्या रेडिओंनी भरून गेलं होतं. चुलीच्या फळीवर रेडिओ, देवाच्या कोनाड्याखाली रेडिओ, माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी रेडिओ. साऱ्या गल्लीचं गाणं-बजावणं त्या घरात होतं, आणि सांगलीत त्याच्याएवढं मुकं घर दुसरं नसेल.

लोक रोज यायचे. "मालक, आमचा रेडिओ?"

"उद्याच्याला नेऊन टाका."

हे ते खोटं बोलायचे नाहीत. त्यांचा त्यावर विश्वास असायचा. उद्या म्हणजे त्यांना मिरजेसारखा वाटायचा. हाकेच्या अंतरावर, मनात आलं की जाऊन येऊ. माणूस चिडायचा, शिव्या द्यायचा, मग दमून कट्ट्यावर टेकायचा. मालक त्याच्यापुढं भडंगाची ताटली सरकवायचे. दोघं खात बसायचे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत, तीच शिवी, तेच भडंग.

आठवण राहावी म्हणून मालकांनी बऱ्याच युक्त्या काढल्या होत्या. दूध आणायचं असलं की ते सदरा उलटा घालायचे. रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "मालक, सदरा उलटा झालाय." ते कोपऱ्यावर थांबून सदरा सुलटा करायचे आणि सुलट्या सदऱ्यात दुधाची आठवण कशी राहणार? रिकामं भांडं घेऊन घरी. एकदा गजराचं घड्याळ त्यांनी तांब्याच्या घंगाळात ठेवलं, आवाज मोठा यावा म्हणून. सकाळी असा दणका झाला की शेजारची म्हातारी देवाचा धावा करत बाहेर आली. मालक उठले तर खरे, पण घंगाळात आवाज एवढा कसा घुमतो हे बघायला त्यांनी घड्याळ उघडलं. त्यानंतर ते घड्याळही रेडिओंच्या रांगेत जाऊन बसलं.

मी हसायचो, पण फार मोठ्यानं नाही. माझ्या टेबलावर पुस्तक पहिल्या धड्यावर उघडं पडून वाळत होतं.

आता ऐकतो की या स्वभावाला डॉक्टरी नाव आहे आणि मोठ्या माणसांनाही ते असतं. तेव्हा आमच्याकडं अशा माणसाला वेंधळा म्हणायचे आणि औषध म्हणून शिव्या द्यायचे. दिवसातून दोनतीन वेळा, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

मी एकदा मालकांना विचारलं, "पलटणीत कसं निभावलं तुम्ही?"

"तितं बिगुल व्हता की. बिगुल वाजला, ऊठ. बिगुल वाजला, जेव. बिगुल वाजला, झोप. आपुन डोकं वापरायचंच न्हाई. आन् संगं सगळी पलटण. दुसरा बूट घालाया लागला की आपला हात आपल्या बुटाकडं जातोयच." मग त्यांनी हातातल्या तारेला एक वळण दिलं. "हितं आलो तवा ही व्हती. ही काय बोलायची न्हाई. हितं समोर तांदूळ निवडत बसायची नुसती. ती बसली की माझा हात चालायचा. ती गेली." मग ते वळण उलगडत म्हणाले, "माझ्या आंगात बिगुल न्हाई रं, गड्या."

ते तार वाकवत राहिले. कशासाठी, ते बहुतेक त्यांच्याही ध्यानातून गेलं असावं.

बसण्याचा शोध मात्र चुकून लागला. एका रविवारी माझ्या खोलीत पत्र्यानं काहिली होत होती, म्हणून मी पुस्तक घेऊन सोप्यात भिंतीला टेकून बसलो. मालक समोर एका रेडिओच्या तारांना कथलाचा डाख देत होते. मी एक पान वाचलं. वर बघितलं, ते काम करत होते. मला लाज वाटली, म्हणून आणखी एक पान वाचलं. त्यांनी मान वर केली, मी वाचत होतो. त्यांनीही मान खाली घातली. कुणी कुणाशी बोललं नाही. उन्हं उंबऱ्यावरून सरकत आत आली, आणि एकाएकी त्या मुक्या घरात एक बाई खणखणीत आवाजात बाजारभाव सांगायला लागली. हळद, गूळ, शेंगा. आम्ही दोघंही दचकलो.

"आयला," मालक म्हणाले, "बोलला की वो!"

मी पुस्तकाकडं बघितलं. सगळा धडा संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आल्यावर त्यांनी दारातच विचारलं, "बसता का?"

तेव्हापासून रोज. नियम त्यांनीच घातले. बोलायचं नाही. एकमेकाच्या कामात डोकं घालायचं नाही. एकानं चहासाठी उठायचं म्हटलं तर दुसऱ्यानं नुसतं बघायचं. त्या बघण्यानं माणूस परत खाली बसतो. पुस्तकातली कलमं मला मालकांच्या डाखेच्या वासासकट पाठ झाली. अजून कुठं तो वास आला तर मला रजेचे नियम आठवतात.

घोटाळा शब्दानं केला. कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या गड्यानं विचारलं, "संध्याकाळी असतोस कुठं रे? दिसत नाहीस."

"मालकांबरोबर बसतो."

त्यानं आवाज खाली आणला. "रोज?"

"रोज. एखाद दिवस नाही बसलं तर चैन पडत नाही."

"अरे, मग अभ्यास?"

"बसल्यावरच होतो. बसल्याशिवाय पुस्तक उघडवतच नाही. तूही ये की एकदा."

"नको रे बाबा, माझ्या गळ्यात माळ आहे."

"असू दे की माळ. माळेचा आणि बसण्याचा काय संबंध?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला, की मला वाटलं त्याला मालकांचा पूर्वीचा काही अनुभव असावा. बाटलीपुढं बसण्यालाही लोक नुसतं 'बसणं' म्हणतात हे मला त्या वयात माहीत नव्हतं असं नाही. पण ते ध्यानात यायला मला नेहमीच दुसरा दिवस उजाडतो. इथं तर आठवडा गेला. तोवर बातमी उंब्रजला पोचली होती.

एका संध्याकाळी वडील दारात. धोतर, कोट, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखं. आम्ही दोघं सोप्यात बसलेले. वडिलांनी आधी हवेचा वास घेतला. मग कोनाड्यात बघितलं. मग काही न बोलता आमच्याजवळच बसले. बाटली कधी बाहेर निघते त्याची वाट बघत. नियमाप्रमाणं आम्हीही बोललो नाही. दिवे लागले. मालकांचा एक रेडिओ पुरा झाला, माझा एक धडा झाला. वडिलांचा धीर सुटला.

"आरं, कवा बसनार हाय तुमी?"

"बसलोयच की," मालक म्हणाले.

"ह्येच?"

"ह्येच."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, रेडिओंकडं बघितलं, छत्री उचलली. जाताना म्हणाले, "लेका, पीत आसतास तर गावात सांगाय तरी आलं आसतं. ह्ये काय म्हणून सांगू?"

त्याच सुमाराला मालकांची मुलगी आली. ती शिराळ्याला दिलेली. नागपंचमीचा पाहुण्यांचा रगाडा आवरला, की दरवर्षी बापाला बघून जायची. त्या वर्षी तिनं घर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एका रेडिओच्या मागच्या फळीवर मालकांनी भाकरी वाढून घेतली होती, आणि अर्धी खाऊन ते विसरले होते.

"आबा, दसऱ्यापतोर लोकांचं रेडिओ लोकांला देऊन टाका आन् चला शिराळ्याला. जेवायचं ध्यानात ऱ्हात न्हाई तुमच्या. एकट्यानं कशाला ऱ्हायाचं हितं?"

"बघू," मालक म्हणाले.

"बघू न्हाई. दसरा."

ती गेल्यावर मालकांनी उरलेली अर्धी भाकरी उचलली आणि परत तिथंच ठेवली. मला वाटलं, माणूस घाबरलाय. जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं कुणाला आवडेल? आणि मी मनाशी ठरवलं, या माणसाचं घर वाचवायचं. सगळे रेडिओ पुरे झाले, घर लख्ख दिसलं, तर मुलगी काय म्हणून नेईल? त्या जोशात मी कचेरीतून थेट येऊन पाय धुवायच्या आतच बसायला लागलो. माझी परीक्षा डोक्यावर होती ती होतीच, पण आता माझ्या बसण्याला उदात्त हेतू मिळाला होता.

रेडिओ एकेक करून गेले. लोक येऊन बटण फिरवून बघायचे, आनंदानं हसायचे, काखेत मारून न्यायचे. आणि परत यायचे नाहीत. याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. एका संध्याकाळी भडंगाची ताटली भरलेली आणि कट्टा रिकामा. मालकांनी दोनदा उठून गल्लीत डोकावलं.

"पयलं शिव्या द्याया तरी माणसं यायची," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मी आहे की."

"तुमी हायसा," ते म्हणाले, आणि ताटली माझ्याकडं सरकवली.

दसऱ्याला मुलगी आली. मालक तिला घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले. परत आल्यावर तिनं पिशवी उचलली, माझ्याकडं एकदा तिरकं बघितलं आणि एकटीच एस.टी.ला गेली. आपण जिंकलो, असं मला वाटलं. मी मालकांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, "पुस्तक उघडा."

परीक्षेला ते माझ्याबरोबर सातारला आले. चुकायला नको म्हणून आदल्या दिवशीच. दोन वेंधळे एकमेकाला सांभाळत निघाले होते. उंब्रजच्या थांब्यावर चहाला उतरून आम्ही भलत्याच गाडीत चढलो आणि रहिमतपूरला जाऊन पोचलो, ते सोडा. सकाळी केंद्रावर वेळेवर होतो.

"तुमी आत बसा, मी भाईर बसतो," ते म्हणाले. "बसणं त्ये बसणं."

पेपर हातात आला आणि माझं डोकं नेहमीसारखं फिरायला गेलं. पंख्याची पाती, पुढच्याच्या मानेवरचा तीळ, फळ्यावर राहिलेलं अर्धं गणित. भोवतीचे सगळे लिहीत होते. माझं पेन टोपणासकट हातात. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आवारातल्या चिंचेखाली मालक मांडी घालून बसले होते. कुठूनतरी एक तारेचा तुकडा मिळवून तो सरळ करत होते. त्यांनी वर बघितलं नाही. आमचा नियमच तसा होता. मी टोपण काढलं.

पास झालो. कायम झालो. आणि कायम झालेल्या माणसाची बदली करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हुकूम आला तो सातारचाच. निघताना मालक रिकाम्या सोप्यात उभे होते. तिथं आता एकच रेडिओ होता, तोही चालू. मी वाकून नमस्कार केला. "जेवायचं ध्यानात ठेवा," मी म्हणालो. "तुमी बी," ते म्हणाले. दोघांनाही एकमेकाची खात्री नव्हती.

सातारला खोली मिळाली. संध्याकाळी दार लावून बसायचो. घरी आणलेले कचेरीचे कागद समोर पसरायचे, आणि मी त्यांच्याकडं बघायचो. भिंतीपलीकडं एक कुटुंब जेवायला बसायचं. ताटं वाजायची, कुणी कुणाला आणखी भात वाढायचं. मी त्यांच्या जेवणाच्या आवाजावर काम करायचा प्रयत्न केला. ते जेवून झोपायचे, माझी एक ओळ व्हायची. एका हॉटेलात जाऊन बसलो, तर हॉटेलवाल्यानं दुसऱ्या चहानंतर टेबल पुसायला सुरुवात केली आणि माझ्या कोपरापर्यंत आला. मग मी रेडिओ घेतला. नवा, चांगला. पण रेडिओ बोलतो, बसत नाही. एवढे महिने त्या माणसाच्या घरात काढून हे मला विकत घेतल्यावर कळलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एकदा सुट्टी काढून सांगलीला गेलो. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "त्ये गेले की शिराळ्याला. लेकीकडं. कायमचे." मी कट्ट्यावर जरा टेकलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, माझ्यामागं हा माणूस एकटा पडला, हरला, आणि मुलीनं उचलून नेला.

तसाच शिराळ्याची गाडी धरली.

लेकीचं घर माणसांनी भरलेलं. मोठ्या सोप्यात तिची सासू शेंगा फोडत बसली होती, जावई दोरखंड वळत होता, कुणी धान्य पाखडत होतं. मधे मालक, समोर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून. अंगाला आलेले. सदरा सुलटा.

"आवं क्लार्क! या, या. बसा."

मी बसलो. मालकांनी मान खाली घातली. शेंगा फुटत होत्या, दोर वळला जात होता. माझा हात आपोआप पिशवीत गेला. पिशवीत सातारहून आणलेले कचेरीचे कागद होते. सुट्टीवर जाताना ते का घेतले, असं मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. उन्हं कलायच्या आत माझं सगळं तुंबलेलं काम उरकलं. मालकांचा स्टार्टरही जोडून झाला. एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मुलगी चहा घेऊन आली. मांडीवरचे कागद तिनं बघितले.

"पुन्हा कधी येऊ?" मी मालकांना विचारलं. "पुढच्या रविवारी? मी नसलो तर तुमचं काम..."

"भाऊ," मुलगी म्हणाली, "राग मानू नगा, पण एक सांगू? आबा दसऱ्यालाच येणार व्हते हिकडं. त्यास्नीच एकट्याला करमत न्हवतं तितं. घाटावर मला म्हणाले, खोलीतलं पोरगं एकटं सोडलं तर पास व्हायचं न्हाई, त्येची परीक्षा हू दे."

मी मालकांकडं बघितलं. ते स्टार्टरचं झाकण पुन्हा उघडत होते. त्याची काही गरज नव्हती.

"मला वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी बसतोय," मी म्हणालो.

ती हसलीसुद्धा नाही. रिकामा कप माझ्या हातातून घेतला.

"आवं, नोकरीत कायम झालासा न्हवं? मग आता तरी एकट्यानं बसाय शिका, न्हाईतर लगीन करा. दुसऱ्याच्या बापाला किती दिस बसवून ठेवणार?"